अस्तित्वात नसलेल्या ऑपरेटरबाई

आमच्या दुकानाच्या माहितीपत्रकाचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं आणि अस्तित्वात नसलेल्या एका बाईंना देण्यात आलं. तसं पत्रकात छापूनही आलं. मजकूर मीच टाइप केला, कारण दुकानात दुसऱ्या कोणाला पटापट टाइप करता येत नाही.

आता हे विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. मी आजही माहितीपत्रकाचा लेखक आहे, माझं उत्तम चाललंय, आणि मला कोणाचाही हेवा वाटत नाही.

आम्ही कॉम्प्युटर, मोबाइल आणि त्यांना लागणाऱ्या व न लागणाऱ्या वस्तू विकतो. पुढे विक्रीचा काउंटर, मागे दुरुस्तीची खोली आणि दोन्हींच्या मधे जिना. जिन्याखाली माझं टेबल. उठताना वाकायचं असतं. पहिल्या वर्षी मी ते विसरायचो, आता डोकंच लक्षात ठेवतं. दर गुरुवारी या टेबलावरून ‘चालू-बंद’ नावाचं माहितीपत्रक निघतं. दोन पानांचं. पहिल्या पानावर बातम्या, म्हणजे दुकानात नवीन काय आलं. दुसऱ्यावर टिपा, म्हणजे तुम्ही आधीच घेऊन बसलाय त्याचं काय करायचं. गिऱ्हाइकांना ते ई-मेलने जातं आणि छापील प्रत वस्तूबरोबर पिशवीत पडते.

बातम्या लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. नवा हेडफोन हा बहुतेक वेळा जुनाच हेडफोन असतो, फक्त राखाडी. ‘आता राखाडी रंगातही’ या विषयावर बारा ओळी लिहून दाखवा, मग बोलू. पण माझा जीव होता तो टिपांवर. माझी प्रत्येक टीप आईवर तपासलेली असे.

तपासणीची पद्धत मी स्वतः बसवली होती. टीप छापून आईपुढे ठेवायची. तिने मोठ्याने वाचायची आणि वाचत वाचत करायची. मी मागे उभा. बोट दाखवायचं नाही, खाकरायचं नाही, “अगं तो नाही, त्याच्या वरचा” असं तर मुळीच म्हणायचं नाही. आईला जमली की टीप पास. आईला साधारण चौथ्या वेळी जमायची. जमली की ती “सुटले बाई” म्हणायची आणि चष्मा काढायची.

मला एकच गोष्ट हवी होती. मी काही फार मागत नव्हतो. मला फ्रिजच्या दारावर जायचं होतं.

आमच्या घरात मान म्हणजे फ्रिजचं दार. चुंबकाखाली आई फक्त खरोखर कामाचं लावते. डॉक्टरांच्या वेळा, नळवाल्याचा नंबर, कपडे धुण्याच्या मशीनवरचा कुठला आकडा कशासाठी. मावशीने प्रवासातून पाठवलेलं सुंदर रंगीत कार्डसुद्धा तिथून दोन दिवसांत उतरवण्यात आलं होतं. “छान आहे, पण त्याचं करायचं काय?” असं आईने विचारलं. तीन वर्षांत मी दीडशे टिपा लिहिल्या. दारावर एकही लागली नाही. पत्रकं आई कपाटाच्या कप्प्यांत अंथरायची. “कागद जाड असतो हं तुमच्या दुकानाचा,” असं पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगायची.

मग दुरुस्तीच्या खोलीत ताई आल्या.

ताई माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या. कपाळावर पट्ट्याने बांधलेला दिवा, हातात चिमटा, आणि बोलणं असं की शब्द बाहेरून मागवावे लागतात की काय. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणावर त्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवायच्या. काय बिघडलं होतं, इतकंच. ‘पंख्यात पांढऱ्या मांजराचे केस होते, काढले. मांजराला लॅपटॉपवर बसू द्या, पण तो बंद असताना.’ किंवा ‘की-बोर्डमध्ये बिस्किट होतं. चांगलं बिस्किट असावं.’ किंवा ‘काही झालं नव्हतं. स्क्रीनचा उजेड कमी केला गेला होता. माझ्याकडूनही एकदा झालंय.’

लोक वेडे झाले. एक गृहस्थ नीट झालेला लॅपटॉप काउंटरवर विसरून नुसती चिठ्ठी घेऊन घरी गेले. एका आजींनी चांगला चालणारा टॅब्लेट दुरुस्तीला आणून दिला आणि म्हणाल्या, “बाई काय लिहितात ते तरी कळेल.” ताईंनी लिहिलं, ‘हा ठीक आहे. तुम्हीही ठीक आहात.’ आजींनी ती फ्रेम केली.

मालकांच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. मालक पत्रकाची लायकी एकाच मापाने काढतात : किती लोकांनी उत्तर पाठवलं. माझ्या अंकांना आठवड्याला सरासरी दोन उत्तरं यायची. त्यातलं एक ‘हे पाठवणं बंद करा’ असायचं. आणि एक आईचं.

“दुसऱ्या पानावर ताईंच्या चिठ्ठ्या छाप,” मालक म्हणाले. “कोपऱ्यात. छोटासा चौकोन.”

छोट्याशा चौकोनाला पहिल्या आठवड्यात एकेचाळीस उत्तरं आली. बेचाळिसावं आईचं होतं. मला आलेलं नव्हतं ते. त्या आठवड्यात मला फक्त ‘हे पाठवणं बंद करा’ आलं, आणि त्याच माणसाने खाली लिहिलं होतं : ‘चौकोन मात्र पाठवा.’

आता मी सांगितलंय की मला कोणाचा हेवा वाटत नाही. त्यामुळे पुढे जे घडलं त्याला दुसरं काहीतरी कारण असणार. मी एक खोटा ई-मेल पत्ता उघडला आणि एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या नावाने ताईंना पत्र लिहिलं. विचार साधा होता. उत्तरच नाही असा प्रश्न विचारायचा, ताई गप्प बसतील, लोकांना कळेल की चिठ्ठी लिहिणं वेगळं आणि ज्ञान वेगळं.

असा प्रश्न माझ्याकडे तयार होता. आईचा. सहा महिने ती माझ्या मागे लागली होती, “अरे, मी खोलीत असले की तो प्रिंटर छापत नाही. मी उठून बाहेर गेले की छापतो.” मी तिला सहा महिने सांगत होतो, “आई, कोण खोलीत आहे हे प्रिंटरला कळत नाही.” इतका खुळा प्रश्न मला दुसरा सुचला नसता. मी तो जसाच्या तसा घातला. खरी पत्रं असतात तशी त्यात माहितीही भरली : प्रिंटर कोणत्या मॉडेलचा, टेबल खिडकीपाशी, खुर्ची लाकडी, जड. खाली सही, ‘आपली, एक निवृत्त ऑपरेटर.’

पत्र छापून मी ताईंच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि जिन्याखाली जाऊन वाट बघत बसलो. चार मिनिटांत चिठ्ठी आली.

‘खुर्चीचा पाय वायरवर येत असेल. तुम्ही बसता, वजन पडतं, वायर दबते. उठता, सुटते. खुर्ची वीतभर सरकवा. प्रिंटरला तुमच्याबद्दल काही वाटत नाही.’

गुरुवारी ते छापलं गेलं. माझा इलाज नव्हता, चौकोन आता अर्धं पान झाला होता. संध्याकाळी घरी गेलो तर आई दारातच उभी.

“इकडे ये,” ती म्हणाली. “बस तिथे.”

मी बसलो. आईही तिच्या लाकडी खुर्चीत बसली. बटण दाबलं. प्रिंटर आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला आणि त्याने एक अख्खं पान बाहेर काढलं. त्यावर मावशीचा केक करतानाचा फोटो होता. सहा महिन्यांत आईच्या समोर छापलेलं पहिलं पान.

“वायर होती,” आई म्हणाली. “खुर्चीखाली. सहा महिने मी तुला सांगत होते.”

“हो, पण तू वायर नाही सांगितलंस. तू म्हणालीस—”

“मला वायर कळत असती तर तुला कशाला विचारलं असतं?” ती पत्रकावरून हात फिरवत होती. “आणि या ऑपरेटरबाई बघ ना. त्यांनाही अगदी हेच. शब्द न् शब्द. मला वाटलं होतं, माझंच डोकं फिरलंय. तूही तसंच बघायचास माझ्याकडे.”

“मी कुठे तसं बघायचो?”

“आत्ता बघतोयस तसं.”

चिठ्ठी फ्रिजच्या दारावर गेली, प्रश्नासकट. डॉक्टरांच्या वेळा थोड्या खाली सरकवण्यात आल्या.

त्या आठवड्यात अकरा घरांतून कळवण्यात आलं की त्यांच्याही खुर्च्या वायरवर होत्या. एका माणसाने तर वायर सोडवायला खुर्ची उचलली तेव्हा त्याला तिच्याखाली चार वर्षांपूर्वी हरवलेला मोबाइल सापडला. तो चालू होता, असं त्याचं म्हणणं आहे.

मी ऑपरेटरबाईंना तिथेच संपवणार होतो. पण ताई रोज विचारू लागल्या. माझ्याशी एरवी आठवड्याला एक वाक्य बोलणारी बाई जिन्याशी येऊन, वाकून विचारायची, “त्यांचं काही आलं का? छापतोय ना आता?” नाही म्हटलं की तोंड बारीक करून आत जायची. कपाळावरचा दिवासुद्धा मंद वाटायचा. शेवटी मी बाईंच्या वतीने आभाराचं पत्र लिहिलं. आभार फारच गोड झाले, खोटे वाटतील म्हणून खरेपणासाठी एक तक्रार घालायची ठरवली. कोणाची तक्रार घालणार? ताईंची घालावी तर आभारात बसेना. म्हणून स्वतःची घातली : ‘तुमच्याकडे टिपा लिहिणारा जो मुलगा आहे, तो हुशार वाटतो, पण एका वाक्यात तीन गोष्टी सांगतो. दुसरीपाशी पोचेपर्यंत माझी पहिली निसटते.’

हे लिहिताना मला गंमत वाटली होती. छापून आल्यावर तितकी वाटली नाही. मालकांनी ते वाक्य काउंटरवर सगळ्यांना वाचून दाखवलं. विक्रीचे तिघे एकदम “अगदी!” म्हणाले, जणू तालीम केली होती. आईने पत्रक खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, “चांगल्या मनाने लिहिलंय हो त्यांनी. मनाला लावून घेऊ नकोस.”

“मी कशाला लावून घेऊ?”

“घेतोयस. पण बाई बरोबर बोलल्यात. मला सांगायला जमत नव्हतं.”

मी चिडलो. दाखवतोच म्हटलं. बाईंना टीप लिहायला लावायची, ती फसली की कळेल बोलणं किती सोपं असतं. फोन मंद झाला तर काय करायचं, या विषयावर मी पूर्वी एक टीप लिहिलेली होती. तिची सुरुवात ‘आपल्या उपकरणातील पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रक्रियांचा आढावा घेऊन’ अशी होती आणि तिचा पहिला पूर्णविराम दीड इंच खाली होता. बाईंनी लिहिलं :

‘मी चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडले. लाइन खरखरली की आधी खाली ठेवायचं, थोडं थांबायचं, मग पुन्हा उचलायचं. हल्लीच्या फोनचंही तेच आहे. पूर्ण बंद करा. स्क्रीन काळी झाली का? आता हात लावू नका. खिडकीतून बाहेर बघा. बाहेर काही घडलं की परत या आणि चालू करा.’

ही टीप मी आईपुढे ठेवली. मागे उभा राहिलो. आईने वाचलं, फोन बंद केला, खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या बाल्कनीत एक बाई सतरंजी झटकत होती. आईने परत येऊन फोन चालू केला. तो धावायला लागला. पहिल्या वेळी. तीन वर्षांत पहिल्यांदा पहिल्या वेळी.

आई “सुटले” म्हणाली नाही. चष्माही काढला नाही. सरळ उठून चुंबक शोधायला गेली.

मी स्वयंपाकघरात उभा राहून ते दार बघत होतो. माझे शब्द फ्रिजच्या दारावर होते. अक्षरन् अक्षर मी लिहिलेलं. आणि खाली दुसऱ्याच बाईंची सही. माझ्या छातीत असं काही झालं की त्याला दुरुस्तीला न्यावं आणि ताईंनी झाकणावर लिहावं, ‘आत माणूस आहे. स्वतःवर जळतोय.’

पुढच्या तीन आठवड्यांत बाईंनी तीन टिपा लिहिल्या. तिन्ही दारावर. त्यांना येणाऱ्या उत्तरांनी ताईंनाही मागे टाकलं. पासवर्ड कसा ठेवायचा यावर त्यांनी लिहिलं, ‘जे तुम्ही कधीच कोणाला सांगितलं नाही ते ठेवा. काही नसेल तर आधी तसं काहीतरी करा.’ त्यावर एका गिऱ्हाइकाने चार पानी पत्र पाठवलं. कबुलीजबाब होता. आम्ही तो न वाचता परत पाठवला. पहिलं पान वाचून झालं होतं.

मग मालकांनी मला बोलावलं.

“पुढच्या अंकापासून टिपा बाईंकडे,” ते म्हणाले. “बातम्याही त्यांनाच विचार. राखाडी हेडफोनवर त्या काय म्हणतील याची मला फार उत्सुकता आहे. तू टाइप कर. तुझं टाइपिंग उत्तम आहे.”

“मालक,” मी म्हटलं, “एक सांगायचंय. ऑपरेटरबाई म्हणजे मीच.”

मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“होतं असं,” ते म्हणाले. “लहानपणी मलाही वाटायचं, मी पायलट आहे.”

“नाही, खरंच. तो पत्ता माझा आहे. मी उघडून दाखवतो.”

“त्यांचा पासवर्डसुद्धा काढलास?” मालकांचा हात खांद्यावरून निघाला. “हे बरं नाही रे. त्या एवढ्या विश्वासाने लिहितात. आजच्या आज सोडून दे ते.”

मी वाकायला विसरलो आणि जिन्यावर डोकं आपटून ताईंच्या खोलीत गेलो. त्या एका फोनच्या पोटात चिमटा घालून बसल्या होत्या.

“ताई, त्या बाई नाहीत,” मी म्हटलं. “मी आहे.”

“माहितीये.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.” त्यांनी वर बघितलं, दिव्याचा झोत माझ्या डोळ्यांत. “त्या मॉडेलचा प्रिंटर आपण एकच विकला. तूच घेतलास. आईसाठी म्हणालेलास.”

“मग बोलला का नाहीत?”

“आईंचा प्रिंटर अडला होता ना.”

मी स्टुलावर बसलो. एवढं सगळं कळूनही ही बाई रोज वाकून विचारत होती, छापतोय ना आता. “मग तुम्ही सांगा मालकांना,” मी म्हटलं. “तुमचं ऐकतील.”

ताईंनी चिमटा बाजूला ठेवला. विचार केला. “नको,” त्या म्हणाल्या.

“का?”

“मला बाई आवडतात.”

“ताई, बाई म्हणजे मीच!”

“हो रे. पण तू मधे येऊ नकोस.” आणि पुन्हा फोनच्या पोटात.

राहिली आई. तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून मी घरी गेलो आणि जेवायच्या आधीच सांगून टाकलं, सगळं, प्रिंटरपासून. आईने शांतपणे ऐकलं.

“म्हणजे माझा प्रश्न तू थट्टा म्हणून पाठवलास,” ती म्हणाली.

“तसं नाही—”

“तसंच आहे. पण ते जाऊ दे. बाई म्हणजे तू?”

“हो.”

आईने कागद आणि पेन आणून पुढ्यात ठेवलं. “लिही. बाईंसारखं. दोन ओळी. फोनवर अक्षरं मोठी कशी करायची.”

मी पेन उचललं. आई समोर बसली, हनुवटी हातावर टेकून, चष्म्याच्या वरून बघत. मला ओळ सुचत होती. खरंच सुचत होती, अगदी बाईंच्या आवाजात, पण आई बघत होती आणि मला वाटलं, आता असं लिहू की हिला पटलंच पाहिजे. मी लिहिलं : ‘सेटिंग्जमधील डिस्प्ले या विभागात जाऊन फॉन्टच्या आकाराचा पर्याय निवडल्यास व सरकपट्टी उजवीकडे नेल्यास, सूचना योग्य रीतीने पाळलेली असल्यास, अक्षरे मोठी दिसू लागतात.’

आईने कागद वाचला. घडी घातली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, नेमका जिथे जिना लागला होता तिथे.

“बाळा,” ती म्हणाली, “दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं होतं कधी कधी. पण म्हणून ते आपलंच म्हणून सांगायचं नसतं.”

त्या दिवसापासून मी बाईंचा कट्टर शत्रू झालो.

ठरवलं, यांना पाडायचं. बाहेरून जमत नाही, तर आतून. बाईंच्या नावाने एक चुकीची टीप जाऊ द्यायची, एकच, की लोकांचा विश्वास उडेल. विषय घेतला फोनमधली जागा. लिहिलं : ‘फोन भरला की जुने फोटो पुसून टाका. सगळे. घाबरू नका, ते दुसरीकडे कुठेतरी असतातच.’ आता, असतातच असं नाही. कॉपी ठेवायची सोय चालू केली असेल तर असतात, नसेल तर कुठेच नसतात. तेवढंच वाक्य मी गाळलं. सुबक काम झालं होतं. वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच गोष्ट.

बुधवारी संध्याकाळी तपासणी. तेही सवयीने. ज्याला टीप पाडायचीच आहे त्याने ती तपासून का बघावी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी आईमागे उभा राहिलो.

आईने मोठ्याने वाचलं. “‘जुने फोटो पुसून टाका. सगळे.’ बरं.” तिने फोटो उघडले. मावशी, केक, मी शाळेच्या पोशाखात, बाबा एका बाकावर डुलकी घेताना, पुन्हा बाबा, त्याच बाकावर. आईच्या फोनमध्ये कॉपी ठेवायची सोय बंद होती. मला माहीत होतं. ती चालू कशी करायची याची टीप मीच लिहिली होती, दोन वर्षांपूर्वी. ती चौदाव्या वेळीही तिला जमली नव्हती, तेव्हा मी कंटाळून ‘पास’ म्हटलं होतं.

“सगळे निवडायचे,” आई पुटपुटली आणि तिने सगळे निवडले. एरवी माझी टीप करताना ती प्रत्येक ओळीवर थबकायची. “नक्की ना?” “दाबू?” “काही जाणार नाही ना?” आज काही नाही. बाईंनी सांगितलं होतं. अंगठा थेट पुसायच्या खुणेवर.

मी तिचा हात धरला.

“अरे! बोट लावायचं नाही ना तू?”

“नको, आई. दाबू नकोस. चुकलंय ते.”

“बाईंनी लिहिलंय.”

“बाईंचं चुकलंय.”

आई वळली. इतकी रागावलेली मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. “तुला त्यांची एकही गोष्ट बघवत नाही ना? एकही?”

“आई, बाबांचे फोटो जातील. खरंच जातील. त्या… त्या एक ओळ लिहायची विसरल्या.”

तिने हळूहळू फोन खाली ठेवला. “विचार त्यांना,” ती म्हणाली. “नीट विचारून घे. त्या सांगतील ते मी करीन.”

मी आतल्या खोलीत गेलो आणि बाईंना विचारलं. बाईंनी ताबडतोब उत्तर दिलं, मी टाइप करत होतो आणि त्या सांगत होत्या : ‘थांबा. माझी चूक झाली. आधी फोटोंची कॉपी ठेवून घेऊ. फोटोंच्या पानावर वर उजवीकडे तुमचा छोटा गोल चेहरा दिसतोय का? त्याला हात लावा. घाबरू नका, त्याला लागत नाही. खाली कॉपी चालू करा असं लिहिलंय, ते दाबा. आता तो गोल फिरायला लागेल. फिरू द्या. तो थांबेपर्यंत काही पुसायचं नाही, कोणी सांगितलं तरी. मी सांगितलं तरी.’

आईला पहिल्या वेळी जमलं. गोल फिरत राहिला आणि आई खुर्चीत मागे टेकून त्याच्याकडे बघत बसली.

“चूक झाली तर लगेच कबूल केली बघ,” ती म्हणाली. “शिक काहीतरी.”

गुरुवारी हीच टीप गेली. शहाऐंशी उत्तरं आली. एका माणसाने कळवलं की त्याच्या दिवंगत बायकोचे सगळे फोटो फक्त त्या फोनमध्येच होते आणि आता ते दोन ठिकाणी आहेत. मालकांनी ते पत्र काउंटरवर वाचलं, पण पूर्ण वाचू शकले नाहीत. ताई जिन्याशी आल्या, वाकल्या, म्हणाल्या, “बाईंना सांग, छान झालं,” आणि गेल्या.

मला सांगितलं नाही. बाईंना सांगायला सांगितलं.

म्हणजे आता बाईंना वाईट लिहिता येणार नाही. त्या वाईट लिहायला लागल्या की आईचा अंगठा थेट खुणेवर. आणि त्या चांगलं लिहीत राहिल्या तर मी जन्मभर टायपिस्ट. यावर मी पुष्कळ विचार केला आणि रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. अर्ज आज दुपारी बाईंच्या पत्त्यावर पाठवला. पोच आली आहे, कारण पोच मीच दिली.

प्रति,
मा. ऑपरेटरबाई (निवृत्त),
‘चालू-बंद’ माहितीपत्रक.

विषय : एक टीप कंटाळवाणी लिहिण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार हा आपल्या कार्यालयात टंकलेखक म्हणून कार्यरत असून आपल्या कामाबद्दल त्याची कोणतीही तक्रार नाही. तथापि, येत्या वर्षभरात आपण आपल्या सोयीने कोणतीही एक टीप, ते शक्य नसल्यास एक परिच्छेद, तेही शक्य नसल्यास निदान एक वाक्य कंटाळवाणे लिहावे. चुकीचे लिहू नये. धोकादायक लिहू नये. केवळ लांब व क्लिष्ट असावे, जेणेकरून सदर टीप अर्जदाराच्या मातोश्रींना पहिल्या वेळी जमणार नाही, दुसऱ्या वेळी जमणार नाही, आणि तिसऱ्या वेळी त्या आपणांस न विचारता अर्जदारास विचारतील. त्यांनी विचारल्यास उत्तर कसे द्यावे, याबाबत मार्गदर्शन मात्र आपणच करावे.

तरी सदर अर्जावर आपण स्वतंत्रपणे व निःपक्षपातीपणे निर्णय घ्यावा, आणि निर्णय घेताना कोणत्याही परिस्थितीत अर्जदारास विचारू नये, ही नम्र विनंती.